उसाचे बिल आणि चिपचा शेअर



ऊस विकास खात्याच्या माणसाने या पानावर लागण, बेणे, खोडवा आणि खत याबद्दल लिहावे अशी आपली रीत आहे. या वेळी आम्ही शेअर बाजाराबद्दल लिहीत आहोत. विषय आमच्या खात्याचा नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण तो आता आमच्या खात्याच्या बांधावर येऊन उभा राहिला आहे.

मागच्या हंगामात खोडव्याची पाहणी करीत आम्ही एका सभासदाच्या प्लॉटवर गेलो होतो. ऊस तुटून महिना उलटला होता. पाचट तसेच पडलेले, बुडखे छाटलेले नाहीत, बगला फोडलेल्या नाहीत, खताचा दाणा गेलेला नाही. बिल तर केव्हाच बँकेत जमा झाले होते. आम्ही विचारले, "आबा, खोडवा असा का टाकलाय?" आबा म्हणाले, "साहेब, पैसं पोरानं अमेरिकेत लावल्यात. तिकडं कसला तरी शेअर वर जाणार हाय म्हणं. वर गेला की खत आणतो म्हणतोय."

पोरगा जवळच होता. शिकलेला, निर्व्यसनी, कष्टाला मागे न सरणारा. त्याने मोबाईल काढून आम्हाला दोन नावे दाखवली. एक एनव्हिडिया, दुसरी एएमडी. म्हणाला, "साहेब, एनव्हिडिया आता लई वर गेली. एएमडी मागनं येतीय, ती हिला गाठणार. आत्ताच घेऊन ठेवायचा." त्यानंतर आम्ही कान उघडे ठेवले, तेव्हा कळले की हा एकटाच नाही. गट ऑफिसच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर, वजनकाट्यासमोरच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या आपली तरुण मंडळी हाच हिशेब मांडताना दिसतात. म्हणून या विषयाकडे हसून दुर्लक्ष करून चालणार नाही.

प्रथम या कंपन्या काय आहेत ते पाहू. चिप म्हणजे संगणकाचा मेंदू. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून ज्या गोष्टीचा गवगवा आहे, ती चालवायला एका विशिष्ट जातीच्या चिपा लाखांनी लागतात. त्या चिपांच्या बाजारात एनव्हिडियाचे राज्य आहे. ही कंपनी १९९३ साली निघाली आणि मूळची खेळांच्या चित्रांसाठी चिपा करणारी. २००६ साली तिने आपल्या चिपांवर इतर अवघड गणिते करता यावीत म्हणून 'कुडा' नावाची आज्ञावली काढली. ती शिकून जगभरच्या तंत्रज्ञांचा हात तिच्यावर बसला. तिची खरी ताकद चिपेइतकीच या सवयीत आहे.

ऊस उत्पादकाला हे समजायला अवघड नाही. एके काळी आपल्याकडे को ७४० चे राज्य होते. पुढे १९९६ मध्ये को ८६०३२ ची शिफारस झाली आणि तिने सारा मुलूख व्यापला. नंतर २००७ मध्ये पाडेगावची फुले २६५ आली. तिने टनेज दाखवले, चोपण रानात टिकून दाखवले. तरीही ८६०३२ हटली नाही. का? तिचे पाणी, तिचे खत, तिची पक्वता, तिचा उतारा हे सारे शेतकऱ्याच्या, तोडणी टोळीच्या आणि कारखान्याच्या अंगवळणी पडले होते. नवी जात नुसती चांगली असून भागत नाही, तिला जुन्या सवयीशी झुंजावे लागते. एएमडीपुढे आज नेमकी हीच अडचण आहे.

एएमडी वयाने मोठी. १९६९ सालची. तिचा जुना प्रतिस्पर्धी इंटेल, तो १९६८ चा. आयबीएमने जेव्हा घरगुती संगणक काढला तेव्हा चिपांसाठी एकाच कंपनीवर विसंबायचे नाही म्हणून दुसरा पुरवठादार मागितला. त्यामुळे १९८२ साली इंटेलला आपल्याच आराखड्याच्या चिपा करण्याचा परवाना एएमडीला द्यावा लागला. म्हणजे दोन नंबरची कंपनी जगली ती गिऱ्हाइकाच्या धोरणामुळे. पुढे दोघांत वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००९ साली इंटेलने तडजोडीपोटी एएमडीला सव्वाशे कोटी डॉलर मोजले. गमतीची गोष्ट अशी की आजची एनव्हिडिया आणि एएमडी यांची लढाई तर सरळसरळ भाऊबंदकीची आहे. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू हे दोघेही मूळचे तैवानचे आणि नात्यातले आहेत. आणि दोघांच्याही बड्या चिपा घडतात त्या तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीच्या कारखान्यात. पोत्यावर छाप दोन, पण गाळप एकाच ठिकाणी.

आता पोरांचा प्रश्न. दोन नंबरचा एक नंबराला गाठतो का? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, गाठतो. २०१५ साली एएमडीचा शेअर दोन डॉलरच्या खाली आला होता आणि कंपनी बुडणार असे जाणकार बोलत होते. २०१४ च्या अखेरीस लिसा सू यांनी सूत्रे घेतली, २०१७ साली नवी रायझन चिप आली आणि २०२२ साली बाजारातल्या एकूण किमतीत एएमडीने इंटेलला मागे टाकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या डाऊ जोन्स या ३० नामवंत कंपन्यांच्या यादीतून इंटेलचे नाव निघाले आणि त्या जागी एनव्हिडिया बसली. तेव्हा आबांच्या पोराचा तर्क वेडगळ आहे असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु त्याच्या तर्कात एक पायरी गाळलेली आहे. तो एकच प्रश्न विचारतो की कंपनी पुढे जाईल का. प्रश्न दोन आहेत. दुसरा असा की ती पुढे जाणार ही आशा आजच्या भावात आधीच धरलेली आहे का?

डाळिंबाची बाग उक्ती घेणारा व्यापारी डोळ्यांपुढे आणा. बाग लगडलेली आहे हे त्यालाही दिसते, दुसऱ्या चार व्यापाऱ्यांनाही दिसते आणि बागवाल्यालाही दिसते. म्हणून भावही लगडलेल्या बागेचाच ठरतो. बाग चांगली आहे एवढ्यावर व्यापाऱ्याला नफा होत नाही. सर्वांनी धरलेल्या अंदाजापेक्षा माल जास्त निघाला तरच होतो. उलट अंदाजाइतकाच निघाला तर मजुरी सुटते, आणि थोडा कमी निघाला तर उत्तम बागेतही तो बुडतो. शेअरचेही तसेच आहे. चांगली कंपनी आणि चांगला सौदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचे दाखले ताजे आहेत. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआय या कंपनीने एएमडीच्या चिपा मोठ्या प्रमाणावर घेण्याचा करार जाहीर केला. त्या एका दिवसात एएमडीचा शेअर सुमारे २४ टक्के चढला. कराराचे फळ यायला पुढची काही वर्षे लागणार, पण त्याचा भाव एका दिवसात वसूल झाला. शिवाय त्याच करारात अटी पूर्ण झाल्यास एएमडीचे १६ कोटीपर्यंत शेअर जवळजवळ फुकटात घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिलेला होता. माल खपावा म्हणून गिऱ्हाइकाला आपल्याच घरात वाटा देण्याचा हा प्रकार. तो शहाणपणाचा की अडचणीचा हे काळ ठरवील. पण दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बातमी वाचून ज्याने शेअर घेतला, त्याने यातले काय वाचले होते? त्याने दुसऱ्यांनी आधीच मोजलेली आशा चढ्या भावात घेतली, एवढेच.

उलट बाजूही पाहा. २७ जानेवारी २०२५ रोजी चीनच्या डीपसीक या कंपनीने कमी खर्चात कृत्रिम बुद्धिमत्ता तयार केल्याच्या बातमीने एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के पडला. जवळजवळ ६०,००० कोटी डॉलरची किंमत सूर्यास्तापर्यंत नाहीशी झाली. त्या दिवशी एनव्हिडियाचा एकही कामगार संपावर गेला नव्हता, एकही यंत्र बंद पडले नव्हते. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती ५ लाख कोटी डॉलर किमतीची जगातली पहिली कंपनी ठरली. मधल्या काळात ज्याला खताचे, सोसायटीचे किंवा मुलीच्या लग्नाचे पैसे काढावे लागले, त्याच्या वाट्याला पडता भाव आला.

त्यापेक्षा जुना दाखला सिस्को या कंपनीचा. इंटरनेटची साधने करणारी ही कंपनी २००० सालच्या मार्चमध्ये काही काळ जगात सर्वांत किमती होती. नंतर शेअर ८० टक्क्यांहून अधिक पडला. कंपनी मात्र बुडाली नाही. तिचा धंदा वाढतच गेला, इंटरनेट घराघरांत पोचले, म्हणजे लोकांचा अंदाज खरा ठरला. तरीही २००० सालचा भाव पुन्हा दिसायला सुमारे २५ वर्षे लागली. अंदाज बरोबर येऊनही माणूस पाव शतक अडकून पडतो, ते असे.

आणि ही शर्यत दोघांचीच आहे हेही खरे नाही. गूगल आणि ॲमेझॉन यांच्यासारखे मोठे खरेदीदार स्वतःच्या चिपा स्वतः करवून घेऊ लागले आहेत. आपल्या अकलूजच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतो, चाल बघतो, पाय तपासतो, मालकाशी दोन शब्द बोलतो आणि मग रुमालाखाली हात घालतो. नुसता फोटो बघून घोडा घेणाऱ्याला बाजारात हसतील. सातासमुद्रापलीकडच्या कंपनीचा मात्र नुसता आलेख बघून आपण सौदा करतो.

याचा अर्थ शेअर वाईट असा कोणी घेऊ नये. माळशिरस तालुक्याला शेअर हा शब्द नवा नाही. सहकार येण्याच्या आधी, १९३२ साली, सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी आपले पैसे एकत्र करून माळीनगरचा साखर कारखाना काढला, तोही भागभांडवलाची कंपनी म्हणूनच. तेव्हा भाग घेणाऱ्याला यंत्र कोठे बसणार, ऊस कोणाचा येणार आणि हिशेब कोण ठेवणार हे माहीत होते.

खानदेशातल्या अमळनेरची गोष्ट तर सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४५ साली तेथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच पुढची विप्रो. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, नोकरदारांनी तिचे थोडे थोडे शेअर घेतले. १९६६ साली वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी शिक्षण सोडून परत आले आणि आयबीएम भारतातून गेल्यावर कंपनी संगणकाच्या धंद्यात उतरली. ज्या घरांनी ते शेअर पेटीत तसेच ठेवले, ती पुढे लक्षाधीश, कोट्यधीश झाली. त्यांनी रोज भाव बघितला नाही, कारण बघायची सोयच नव्हती.

यात एक गोष्ट विशेष आहे. अमळनेरकरांना श्रीमंत करणारी विप्रो ही आज संगणक सेवेत आपल्या देशातली पहिली कंपनी नाही. टीसीएस आणि इन्फोसिस तिच्या पुढे आहेत. तरी अमळनेरकरांचे काही अडले नाही. विप्रो पुढच्याला गाठील का, हा प्रश्न त्यांना कधी विचारावाच लागला नाही. त्यांनी थोडा, स्वतःचा, न लागणारा पैसा घातला आणि दोन पिढ्या धीर धरला. पण २००० सालच्या सुरुवातीला, विप्रोचा भाव गगनाला भिडला असताना, ज्यांनी ऐकीव माहितीवर तोच शेअर घेतला ते पुढे अनेक वर्षे कपाळाला हात लावून बसले. कंपनी तीच, शेअर तोच. आणि हेही सांगितले पाहिजे की त्या काळात निघालेल्या कितीतरी कंपन्यांचे कागद रद्दीत गेले. त्या गावांची नावे कोणी छापत नाही.

आम्हीही यातून गेलो आहोत. २००८ च्या जानेवारीत मुंबई बाजाराचा निर्देशांक २१,००० ला टेकला होता. नोकरीला लागून आम्हाला चार-पाच वर्षे झाली होती. मित्रांच्या सांगण्यावरून एका गाजलेल्या कंपनीत आम्ही दीड वर्षाची शिल्लक घातली. ऑक्टोबरपर्यंत निर्देशांक १०,००० च्या खाली होता. कंपनीचा ताळेबंद आम्ही वाचला नव्हता आणि वाचला असता तरी कळला नसता. मातीपरीक्षणाचा अहवाल पाहिल्याशिवाय कोणाला खताची मात्रा न सांगणारे आम्ही, स्वतःच्या पैशाला ती शिस्त लावली नाही. ही चूक आमची, दुसऱ्या कोणाची नाही.

याहून धोक्याचा आहे तो वायदा आणि ऑप्शनचा खेळ. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपली पाहणी प्रसिद्ध केली आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारात उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी १०० पैकी ९३ जण तोट्यात गेले आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक झाला. इतकी वाईट उगवण असलेले बेणे आम्ही कोणाच्या शेतात लावू देणार नाही.

आता वडीलधाऱ्यांना दोन शब्द. पोरांवर नुसते ओरडून उपयोग नाही. ती मोबाईलकडे का वळली हे समजून घ्या. आडसाली लागणीचा पैसा हातात यायला दीड वर्ष जाते. वाटण्या होऊन रान एकरावर आले. मजुरी, खत, वीज यांचा खर्च चढतोच आहे. अशा वेळी हातातल्या काचेवर दिवसात पैसा वाढताना दिसला तर तरुण मन तिकडे धावणारच. ही त्यांची हाव म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. शेतीच्या हिशेबातली खोट त्यांना दिसली आहे. तिला उत्तर देण्याची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे आणि त्यात आमचे खातेही आले. खोडव्याचे टनेज वाढवून, ठिबक आणि आंतरपिकाची जोड देऊन एकराचे उत्पन्न वाढवून दाखवले नाही, तर आमच्या उपदेशाला कोणी विचारणार नाही.

तरुण मंडळींना आमचे सांगणे एवढेच की नवी जात जशी लावता तसाच शेअर घ्या. नवी जात आली म्हणून कोणी सगळे रान नांगरून टाकत नाही. पाच-दहा गुंठ्यांत बेणे लावतो, लागण बघतो, खोडवा बघतो, दोन-तीन वर्षांनी मत बनवतो. आपल्या घरच्या पैशाचा क्रमही ठरलेला असावा. बिल आले की पहिल्यांदा सोसायटी, मग खोडव्याचे आणि पुढच्या लागणीचे भांडवल, मग घरखर्च, आजारपण आणि शिक्षणाची तजवीज. इतके करून जे उरेल, आणि पाच-दहा वर्षे लागणार नाही, त्यातला थोडा भाग बाजारात घालायचा असेल तर घाला. पीककर्ज काढून, सोने गहाण ठेवून किंवा उसनवारीवर शेअर घेऊ नका. आणि घेण्याआधी दोन्ही प्रश्न विचारा, कंपनीचाही आणि भावाचाही. दुसऱ्याचे उत्तर येत नसेल तर थांबण्यात कमीपणा नाही.

आपल्या कारखान्याचा शेअर बाजारात चढत नाही, हे पोरे आम्हाला चेष्टेने सांगतात. खरे आहे. तो चढावा म्हणून काढलेलाच नाही. त्याचे फळ उसाच्या दरात, वेळेवर तोडीत आणि सर्वसाधारण सभेतल्या एका मतात आहे. दहा एकरवाल्याला एक मत आणि दहा गुंठेवाल्यालाही एकच मत. एएमडीच्या सभेत आबांच्या पोराला कोण विचारणार? येथे तो उभा राहून हिशेब मागू शकतो, आणि त्याने मागावाही. ताळेबंद वाचायची सवय लावायची असेल तर आपल्या कारखान्याच्या वार्षिक अहवालापासून सुरुवात करावी, अशी आमची सूचना आहे.

त्या पोराचा शेअर पुढे वर गेला की खाली आला, हे आम्ही मुद्दाम लिहीत नाही. वर गेला असे लिहिले तर चार जण उद्याच खोडवा टाकून देतील आणि खाली आला असे लिहिले तर त्याला हसतील. दोन्हींतून काही शिकता येणार नाही. शेअरचे जे व्हायचे ते होवो, तोडणीनंतरचे पहिले १५ दिवस चुकले ते चुकले. त्या खोडव्याचे फुटवे विरळ निघाले आणि ते टनेज आता कोणत्याही बाजारात विकत मिळणार नाही.

या हंगामात ज्यांचा ऊस तुटला आहे त्यांनी पाचट न जाळता सरीत दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, बगला फोडाव्यात आणि पहारीने खताचा पहिला हप्ता द्यावा. अडचण असल्यास गट ऑफिसात यावे. शेअरबद्दल बोलायचे असेल तरी यावे. चहा आमच्याकडून, पण आधी खोडवा बघून मग बोलू.